बयाबाईचा गोरा नवरा आणि भोरची मंडळी

भोरच्या मिशनच्या देवळात सगळी माणसं समान होती. पाद्री पेम्बर्टनसाहेब हे दर रविवारी सांगत. सांगताना त्यांच्यासमोर वेताच्या खुर्च्या मांडलेल्या असत, खुर्च्यांमागे एक बाक असे आणि बाकामागे सतरंजी. खुर्च्या साहेबलोकांच्या. बाक शाळेच्या सावळाराम मास्तरांचा, कारण त्यांचे आजोबा ब्राह्मण असताना ख्रिस्ती झाले होते. सतरंजी उरलेल्या समान माणसांची.

बया या सतरंजीवर आली ती मानमोडीच्या साथीत. पाली गावाच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या पोटाशी धनगरांची चार खोपटी होती, त्यांतली ही पोर. साथीत आई गेली, पाठोपाठ बाप गेला. चुलता रखमाजी याच्या घरात पोरांचा आधीच कळप होता. त्यानं तापानं फणफणलेल्या पुतणीला घोंगडीत गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि भोरच्या मिशनच्या दवाखान्यात आणून ठेवलं.

"जगली तर तुमची," तो म्हणाला. "मेली तर सांगावा धाडा, आमी न्यायला येतो."

बया जगली. मिशननं विलायतेला कळवलं की एक आत्मा वाचला. आत्म्याला त्या वेळी पेज हवी होती, ती धोंडाबाईंनी पाजली. धोंडाबाई म्हणजे मिशनच्या बायबलबाई. वाड्यावस्त्यांवर फिरून बायांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायचं त्यांचं काम. मूळच्या महार. धनगराच्या पोरीनं पहिले काही दिवस त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही, तोंड फिरवून पडून राहिली. मग तहान जातीपेक्षा मोठी झाली. त्या दोघींपुरता हा प्रश्न तिथेच मिटला. त्यासाठी कुणाला प्रवचन द्यावं लागलं नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांनी तिचं नाव बियाट्रिस ठेवलं. बया हे नाव त्यांना देवीसारखं वाटे. पोर त्या नावाला ओ देईना. "बयाच म्हना साहेब," ती म्हणाली. "ते दुसरं म्हनल्यावर कुनाला बोलावत्यात तेच कळत न्हाई." पाद्रीसाहेबांनी कागदावर बियाट्रिस ठेवलं आणि तोंडानं बया म्हणू लागले. त्यांच्या उदारपणाला नेहमी अशा दोन बाजू असत.

मोठी झाली तशी बया दवाखान्यात काम शिकली. मलमपट्टी, हिवतापाला कोयनेल देणं, बाळंतपणं. तिचा हात हलका होता आणि जीभ जड नव्हती. भाटघरला धरणाचं काम संपत आलं होतं, पण मजुरांचा हिवताप संपत नव्हता. तिथे मिशननं एका पत्र्याच्या खोलीत दवाखाना मांडला आणि धोंडाबाईंच्या सोबतीनं बयाला तिकडे धाडलं.

तिथे आर्चीबाल्ड ड्युअर होता. स्कॉटलंडचा माणूस, धरणाचे लोखंडी दरवाजे बसवणारा फिटर. उंच, तांबूस केसांचा, उन्हानं भाजलेला. मजूर त्याला आरशीसाहेब म्हणत. त्याचं मराठी वडाऱ्यांकडून आणि मुकादमांकडून शिकलेलं होतं. पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हा थंडीनं कुडकुडत होता, आणि त्यानं इतक्या नम्रपणे एक शिवी देऊन औषध मागितलं की धोंडाबाईंनी पदर कानावर ओढला.

बयानं त्याला कोयनेल दिलं आणि विचारलं, "हा शब्द तुमाला कुनी शिकवला?"

"मुकादम. त्याचा अर्थ 'कृपा करून'."

"न्हाई साहेब. त्याचा अर्थ येगळा हाय. तुमी कलेक्टरला बोलला न्हाई ना?"

तो बोलला होता. तो लाल झाला, मग हसला. हसताना त्याला पुन्हा हीव भरलं.

त्यानंतर तो आजारी नसतानाही येऊ लागला. पण बयाचं मन ज्यानं ठरलं ती गोष्ट वेगळीच. दिवाळीनंतर मेंढपाळ घाटाखाली कोकणात उतरतात. तसा एक कळप धरणाच्या रस्त्यानं चालला होता. एक मेंढी दवाखान्यासमोर अडली. कोकरू आडवं आलेलं. मेंढपाळ हताश होऊन उभा. बया पदर खोचून पुढे होते तोवर आर्चीनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, मातीत गुडघे टेकले, हाताला तेल लावलं आणि हळूहळू कोकरू फिरवून बाहेर काढलं. त्याच्या नाकातला चिकटा स्वतःच्या बोटानं काढला, मागचे पाय धरून त्याला झुलवलं. कोकरू ओरडलं.

"हे कुठं शिकला?" बयानं विचारलं.

"घरी. बाप मेंढपाळ आहे. आजा मेंढपाळ. आमच्या डोंगरात दुसरं काही पिकत नाही."

बयानं आत जाऊन त्याच्या हातावर घालायला पाणी आणलं आणि ते स्वतः घातलं. धोंडाबाई पुढे म्हणायच्या, "तवाच मला कळलं, आता पाद्रीसायबाला झोप लागायची न्हाई."

आर्ची सरळ माणूस. रविवारी उपासना संपल्यावर पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर गेला, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाला, मला बयाशी लग्न करायचंय, पुढचे तीन रविवार तुम्ही देवळात आमच्या लग्नाचा पुकारा करा.

पाद्रीसाहेब वाईट माणूस नव्हते. तापलेल्या रोग्याशी बोलावं तसे ते हळू बोलले.

"देवानं एका रक्तापासून सगळी राष्ट्रं निर्माण केली, हे खरंच आहे, ड्युअर."

"मग झालं."

"झालं नाही. प्रत्येक राष्ट्राच्या वस्तीच्या सीमाही त्यानंच ठरवून दिल्या आहेत."

पाद्रीसाहेब गेली कित्येक वर्षं भोरच्या आठवडेबाजारात उभं राहून बायबलातल्या त्या वचनाचा पहिला अर्धा भाग ऐकवत होते. त्याला दुसरा अर्धाही आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो गरज पडेल तेव्हासाठी राखून ठेवलेला होता.

"सीमा देवानं ठरवल्यात," आर्ची म्हणाला, "तर मग तुम्ही आणि मी भोरात काय करतोय?"

"मी सेवेसाठी आलोय."

"आणि मी दरवाजे बसवायला. दोघांनीही सीमा ओलांडलीच की."

पाद्रीसाहेबांनी साखर ढवळली. मुलं होतील ती ना इकडची ना तिकडची होतील, म्हणाले. बाबेलच्या बुरुजाशी देवानंच भाषा वेगळ्या करून माणसं पांगवली, ती पुन्हा कालवणारे आपण कोण, म्हणाले. स्वर्गात भेद नाहीत, पण पृथ्वीवर व्यवस्थेसाठी ते लागतात, असंही म्हणाले. तेव्हा आर्चीला लहानपणी ऐकलेली मोशेची गोष्ट आठवली.

"मोशेची बायको कूश देशाची होती, काळी. त्याच्या बहिणीनं तिला नाक मुरडलं, तर देवानं त्या बहिणीलाच कोड फोडलं."

"मोशे संदेष्टा होता, ड्युअर," पाद्रीसाहेब शांतपणे म्हणाले. "तुम्ही फिटर आहात."

याला शास्त्रात उत्तर नाही. आर्चीनं कप खाली ठेवला आणि निघून आला.

मग पंचांची सभा भरली. सावळाराम मास्तर अध्यक्ष. त्यांच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं. सून ख्रिस्तीही हवी आणि मूळची ब्राह्मणही हवी म्हणून त्यांनी नगरपासून रत्नागिरीपर्यंतच्या सगळ्या मिशनांचे उंबरे झिजवले होते. ख्रिस्ताच्या रक्तानं पाप धुतलं जातं, गोत्र नव्हे, असा त्यांचा समज होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, फक्त पाळला.

"हा प्रश्न वंशाचा नाही," मास्तर म्हणाले. "शिस्तीचा आहे. आज एक धनगराची मुलगी साहेबाच्या खुर्चीशेजारी बसेल. उद्या..." उद्या काय ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांची सून बाकावर बसते आणि खुर्ची बाकाच्या पुढे असते, हे सतरंजीवरच्या सगळ्यांच्या ध्यानात आलं.

धोंडाबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या तरी उठल्या.

"मास्तर, मी म्हारीन व्हते. बाप्तिस्मा घेतला तवा तुमीच म्हनला, आता तू म्हारीन न्हाईस, निस्ती ख्रिस्ती. मंग ही पोरगी एवड्या वर्सांनी बी धनगरच कशी ऱ्हायली? तिला पानी कमी शिंपडलं का?"

मास्तरांनी डोळे मिटले आणि सर्वांना प्रार्थनेत सामील व्हायला सांगितलं. उत्तर सुचलं नाही की प्रार्थना करायची, हा त्या पंचांचा जुना शिरस्ता होता.

पाद्रीसाहेबांनी बयाला वेगळं बोलावलं. ती दारातच उभी राहिली. त्यांनी बस म्हटलं, ती बसली नाही.

"बया, देवाची इच्छा काय आहे असं तुला वाटतं?"

"देवाचं मला ठावं न्हाई साहेब. त्यो तुमच्याशी बोलतो. माझ्याशी आर्ची बोलतो."

"तू अल्लड आहेस."

"तुमीच मला धोंडाबाईंसंगं शास्त्रातल्या रूथची गोष्ट सांगायला वाड्यावाड्यांतनं फिरवलं. ती बी परमुलखाची, परक्या जातीची. तिचं लगीन देवाला चाललं."

"रूथ बाहेरून आपल्या लोकांत आली. तू आपल्या लोकांतून बाहेर चाललीस."

"मी कुठं चालले? मी तर हितंच ऱ्हानार. यायचं त्यानंच हाय."

पाद्रीसाहेबांनी नंतर आपल्या मडमेला सांगितलं की या मुलीच्या मनावर फिटरचा फार परिणाम झाला आहे. प्रत्यक्षात तोपर्यंत फिटरच्या मनावर मुलीचा झाला होता, पण तसं मानायला कुणी तयार नव्हतं.

मग पाद्रीसाहेब धरणाच्या मोठ्या इंजिनियरसाहेबाकडे जेवायला गेले. जेवणात काय झालं ते ठाऊक नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत आर्चीची बदली सिंधमध्ये सक्करच्या बंधाऱ्याच्या बांधकामावर झाली. देवानं ठरवलेल्या सीमा अशा वेळी सरकारी हुकमानंही ठरतात.

जाण्याआधी तो दवाखान्यात आला. "मी परत येतो," म्हणाला. त्याचं मराठी तोवर सुधारलं होतं, त्यामुळे ते वाक्य फार केविलवाणं वाटलं. बया बाटल्या पुसत होती. तिनं पुसणं थांबवलं नाही.

तो गेल्यावर तिचे दिवस वाईट गेले. पत्रं येत, मिशनच्या पत्त्यावर, आणि पाद्रीसाहेब ती न उघडता तिच्या हाती देत. इतका सज्जन विरोधक असला की धड रागावताही येत नाही. संध्याकाळी ती नदीच्या बाजूच्या पायरीवर बसून राही. धरणात पाणी चढत होतं, खालची शेतं एकेक करून दिसेनाशी होत होती. धोंडाबाई म्हणाल्या, "पोरी, गोरा गेला म्हंजी गेला. तू काय पयली न्हाईस." बया त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सकाळी उठून मार्गासनीच्या वाटेवरच्या एका वाडीत बाळंतपणाला गेली. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. परतताना बयाला वाटलं, आपलंही काही इतकं सोपं सुटलं असतं तर बरं झालं असतं.

मिशननं तिच्यासाठी स्थळ आणलं. नगरकडचा विधुर उपदेशक, चार मुलांचा बाप. पाद्रीसाहेब म्हणाले, "प्रभू तुला एकदम चार मुलांची आई व्हायची संधी देतो आहे." बया म्हणाली, "प्रभूला सांगा, मी एकेक करून घेईन."

आणि आर्ची खरोखरच परत आला. सरकारी नोकरी सोडून. बरोबर तेलावर चालणारं एक जुनं इंजिन होतं. ते त्यानं भोरच्या बाजाराच्या कडेला एका पडवीत बसवलं आणि पिठाची गिरणी काढली.

गोऱ्या माणसानं बयाशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा साहेबलोकांना दुःख झालं होतं. गोरा माणूस ज्वारी दळतोय हे पाहून मात्र त्यांना धक्काच बसला. साम्राज्याची अब्रू पिठात मळलेली त्यांना पाहवेना. भोरच्या सोवळ्या बायांपुढेही पेच पडला. साहेबानं दळलेलं पीठ चालतं का? त्यांनी आठवडाभर विचार केला. मग जात्यावर दळून हात दुखले, आणि यंत्राला जात नसते असा निर्णय झाला. भोरमध्ये या एकाच विषयावरचा शास्त्रार्थ इतक्या लवकर संपला.

"आता तुझ्या चुलत्याला विचारू," आर्ची म्हणाला.

"त्यानं मला टाकलीया. त्याला कशापायी इचारायचं?"

"माझ्याकडे मुलीच्या घरी विचारतात."

दोघं पालीच्या वर चढून धनगरवाड्यावर गेली. बरोबर धोंडाबाई. बयानं ते खोपट लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. चुलता रखमाजी म्हातारा झाला होता. त्यानं पुतणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग साहेबाकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला, कारण साहेब म्हणजे जंगलखात्याचा, आणि जंगलखात्याचा म्हणजे चराईचा दंड.

"ह्यो मला मागाया आलाय," बया म्हणाली.

रखमाजीनं साहेबाला बसायला घोंगडी टाकली. मग खाटेच्या कडेवर टेकून त्यानं रीतसर विचारलं, "पावनं कुठलं? कूळ काय? घरात काय करत्यात?"

आर्चीनं सांगितलं. डोंगरातला. कूळ आहे, कुळाचं नाव आहे, कुळाकुळांत जुनी भांडणंही आहेत. आजा मेंढ्या राखायचा, बाप मेंढ्या राखतो. लोकर कातरतात, विणतात, चौकटीच्या नक्षीची कांबळी पांघरतात. थंडी फार, दगड फार, पैसा नाही.

रखमाजी उठला. वाड्यातली लंगडी मेंढी धरून आणली आणि साहेबासमोर उभी केली. आर्चीनं तिचा पाय उचलला, खूर दाबला, वास घेतला आणि चाकू मागितला. सडलेला भाग कापून काढला. मेंढीनं त्याला लाथ मारली. त्यानं तिला ती जुनी शिवी दिली, नम्रपणे.

रखमाजी हसला. तोंडात उरलेले सगळे दात दिसले.

"आगं येडे," तो बयाला म्हणाला, "ह्यो धनगरच हाय की! जरा उन्हात कमी ठिवलेला. तुझा पाद्री कशापायी आडवतोय?"

"त्यो म्हनतो, जात येगळी."

"त्याच्या घरात मेंढरं न्हाईत," रखमाजी म्हणाला. "त्याला काय कळतंय."

लग्न पुण्याच्या छावणीतल्या एका म्हाताऱ्या पाद्रीनं लावलं. त्याला ऐकू कमी येई. त्यानं विचारलं, दोघं ख्रिस्ती ना? दोघं मोकळी ना? मग उभे राहा. ख्रिस्ती धर्मात लग्नाला एवढंच लागतं, हे भोरच्या मंडळीला माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी फक्त त्यात थोडी भर घातली होती.

परतल्यावर पहिला रविवार आला तेव्हा देऊळ कधी नव्हे ते भरलं. बया कुठं बसते हे पाहायला तापानं आजारी असलेलेही आले. खुर्चीवर बसली तर मास्तर राजीनामा देणार होते. सतरंजीवर बसली तर साहेबलोकांना सुटल्यासारखं वाटणार होतं. बया नेहमीसारखी धोंडाबाईंच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसली. तिच्यामागून आर्ची आला. त्यानं जोडे काढले, खुर्च्या ओलांडल्या, बाक ओलांडला आणि लांब पाय कसेबसे दुमडून पुरुषांच्या बाजूला सतरंजीवर बसला. पाद्रीसाहेबांनी त्या दिवशी ऐक्यावर प्रवचन द्यायचं ठरवलं होतं. ते त्यांनी बदललं आणि मिळकतीचा दशांश देवळाला देण्याविषयी बोलले.

पुढे त्यांचा संसार चारचौघांसारखा झाला. तो इंजिनाशी भांडायचा, ती त्याच्याशी. मूल झालं नाही. हे देवाचं मत आहे, असं मास्तरांनी आडून सुचवलं. धोंडाबाईंनी आठवण करून दिली की पाद्रीसाहेबांनाही मूल नाही, तिथे देवाचं काय मत आहे तेही विचारून घ्या. तो विषय परत निघाला नाही.

दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, एका उन्हाळ्यात आर्चीला न्यूमोनिया झाला. बयानं सगळे उपाय केले. शेवटी तो आपल्या डोंगरातल्या भाषेत बडबडू लागला. बयाला शब्द कळत नव्हते, पण मेंढ्यांना हाकारतोय एवढं कळत होतं. तिनं त्याचा हात धरून ठेवला. दुपारी इंजिन बंद पडावं तसा तो थांबला.

पाद्रीसाहेब आले. म्हातारे झाले होते, डोळे ओले होते. मिशनच्या दफनभूमीत साहेबलोकांसाठी वेगळा तुकडा होता, भोवती तारेचं कुंपण. ते म्हणाले, "ड्युअरला तिथे जागा देऊ. मंडळीनं एकमतानं मान्य केलंय."

"आनि मी मेल्यावर?"

"तू... बाहेरच्या भागात. पण प्रभू येईल त्या दिवशी सगळे बरोबरच उठतील, बया."

"उठल्यावर मी म्हातारपनी तारंवरनं उडी मारायची व्हय?"

बयानं नवऱ्याला कुंपणाबाहेर पुरलं, शेजारी स्वतःपुरती जागा ठेवून. रखमाजीची पोरं खाली उतरली होती, त्यांनी खड्डा खणला आणि शवपेटीवर नवी घोंगडी टाकली. पाद्रीसाहेबांनी ती घोंगडी पाहिली आणि प्रार्थना तशीच पुढे चालू ठेवली.

त्यानंतर एक गंमत झाली. काळ्यांच्या बाजूला साहेब पुरला गेल्यामुळे त्या बाजूचा मान एकदम वाढला. आठवडाही झाला नाही तोच सावळाराम मास्तर बयाकडे आले. खूप वेळ हवापाण्याचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, "आमचंही वय झालं. ड्युअरसाहेबांच्या पलीकडच्या अंगाला जागा मोकळी आहे ना?"

"हाय," बया म्हणाली. "पर मास्तर, त्या अंगाला धोंडाबाई यायच्यात. त्यांच्या पल्याड चालंल का?"

मास्तरांनी विचार करून सांगतो म्हटलं. दोन वर्षं विचार केला, तेवढ्यात धोंडाबाई गेल्या, आणि विचार करता करताच मास्तरही वारले. त्यांच्या मुलानं त्यांना धोंडाबाईंच्या पलीकडेच पुरलं, कारण तोवर जवळची दुसरी जागा उरली नव्हती.

गिरणी बयानं चालवली. इंजिन तिला नवऱ्यासारखंच ऐकायचं नाही, पण तिनं ते चालू ठेवलं. सत्तेचाळीस साली पाद्रीसाहेब विलायतेला परत निघाले. मोटारीपाशी निरोप द्यायला मंडळी जमली. हारतुरे झाले, भाषणं झाली. बया पिठानं पांढऱ्या झालेल्या हातांनी तशीच आली होती. पाद्रीसाहेबांनी ते हात आपल्या दोन्ही हातांत धरले.

"बया, तुमच्या लग्नापासून मी तुम्हा दोघांसाठी रोज प्रार्थना केली आहे."

"ठावं हाय साहेब," बया म्हणाली. "तरी बी आमचं बरं चाललं."